स्पितीतलं लहान घर आणि माझ्या खिशातली किल्ली

डॉमनिकने तेहतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर खडूने हिमालयाच्या रांगा काढायचा, पलीकडचा भाग तिरक्या रेघांनी भरायचा आणि मुलांना सांगायचा, हा पर्जन्यछायेचा प्रदेश, इथे पोचेपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. निवृत्त झाल्यावर एका दुपारी आमच्या ओट्यावर बसून म्हणाला, "वसंता, मी आयुष्यभर ऐकीव माहितीवर पगार घेतला. मी बर्फसुद्धा पाहिलेला नाही. फ्रीजमधला सोडून." मी म्हटलं, मग जाऊन ये. म्हणाला, एकटा नाही जाणार. आमची सहल ठरली ती अशी.

मी वसईजवळच्या उमेळ्याचा. घरची वाडी आहे: मोगरा, सोनचाफा, केळी, कडेने नारळ आणि थोडी भाजी. डॉमनिक शेजारच्या ख्रिस्ती गावातला, आम्ही एकाच बाकावर शिकलो. घरी तो त्याची बोली बोलतो, मी माझी, आणि दोघं भेटलो की पन्नास वर्षांत तयार झालेली तिसरीच. ती जशीच्या तशी लिहिली तर तुम्हाला काही कळायचं नाही, म्हणून इथे सरळ मराठीत देतो.

जिल्हा त्याने निवडला: लाहौल-स्पिती. तिबेटला लागून असलेला, क्षेत्रफळाने हिमाचलातला सगळ्यात मोठा, आणि जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला दोन माणसं. हे मी आमच्या सुनेला, प्राचीला सांगितलं. ती तुळिंजला चौथ्या मजल्यावर वाढलेली. म्हणाली, "दोनच? अप्पा, आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये सहा जण असतात, आणि त्यातले चार भांडत असतात." मला वाटलं, दोन माणसांना भांडायला एवढी जागा मिळत असेल तर ती कशी राहतात ते बघायलाच हवं.

आता थोडं आमच्या विहिरीबद्दल सांगतो, कारण पूर्ण प्रवासभर माझं निम्मं लक्ष तिच्यात होतं. आमच्या पट्ट्यात उन्हाळ्यात विहिरीचं गोडं पाणी वर राहतं आणि खारं खाली. मोटर गरजेपेक्षा जास्त चालली की खारं वर येतं. एकदा आलं की मोगऱ्याची पानं कडेने जळतात आणि पुढच्या पावसापर्यंत विहीर सुधारत नाही. पूर्वी जागोजागी बावखलं होती, म्हणजे गोड्या पाण्याची मोठी डबकी म्हणा, ती पावसाचं पाणी जमिनीत मुरवायची. त्यातली बरीच बुजवून इमारती झाल्या. शेजारच्या तीन विहिरी माझ्या डोळ्यांसमोर कायमच्या खाऱ्या झाल्या. आमची टिकली ती वडिलांच्या पद्धतीमुळे. मोटर चालू केली की पाटाच्या तोंडाशी बसायचं, थोड्या थोड्या वेळाने ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचं, आणि जिभेच्या कडेला मीठ लागलं की मोटर बंद. वडिलांनंतर हे काम माझ्या जिभेकडे आलं. म्हणून मोटरच्या पेटीला कुलूप, आणि किल्ली माझ्या खिशात.

गंमत म्हणजे मी मोटर बंद करायला उठणार तेवढ्यात माझी बायको शैला चहाला हाक मारते. रोज. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांची घड्याळं जुळतात, असं मी लोकांना सांगत असे.

प्राची चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून वाडीत उतरली. फुलं तोडणं, मोजणं, दादरला पाठवणं सगळं तिनं हातात घेतलं, आणि माझ्यापेक्षा बरं केलं हे कबूल करतो. किल्ली मात्र मी दिली नव्हती. 'शिकेल हळूहळू' असं चार वर्षं म्हणत होतो. आमचा मुलगा निखिल अंधेरीला नोकरीला, तो या भानगडीत पडत नाही. निघायच्या आदल्या दिवशी शैला म्हणाली, "पंधरा दिवस जाताय, मे महिना आहे, किल्ली प्राचीच्या हातात देऊन जा." मी हो म्हटलं.

बोरिवलीहून रेल्वेने चंदीगड, तिथून बसने रामपूर, दुसऱ्या दिवशी बसने रिकाँग पिओ. तुम्ही जाणार असाल तर माझं ऐका, मनालीकडून जाऊ नका. त्या बाजूची खिंड मे अखेरीपर्यंत बहुधा बंद असते, आणि उघडी असली तरी शरीर एकदम उंचावर पोचतं. किन्नौरमार्गे चार-पाच दिवस लागतात पण उंची हळूहळू वाढते. साठीच्या पुढच्यांनी डॉक्टरला विचारून जावं. सरकारी बसने गेलात तर पिओ ते काझा पाचशेच्या आत भागतं, फक्त तिकीट काढायला सकाळी लवकर उभं राहायचं आणि जागा उजवीकडची मागायची. नदी बहुतेक वेळ त्या बाजूला दिसते. डॉमनिकने उजवीकडची मागितली आणि पहिली दरी बघून ती मला दिली.

खाण्याचं म्हणाल तर रस्त्यावर राजमा-चावल सगळीकडे, शंभर-सव्वाशेत पोट भरतं. डॉमनिकच्या बायकोने बोंबलाच्या लोणच्याची बरणी दिली होती. माझ्याकडे माझी मिठाची डबी होती, आमच्याकडच्या मिठागरातलं जाडं मीठ. गेली दोनेक वर्षं मला बाहेरचं जेवण अळणी लागतं. घरचंही. शैला म्हणते, तुमच्या ताटात मी मीठ वाढायचं सोडलंय, तुम्हीच घ्या. त्यामुळे डबी सोबत असते.

पिओला धाब्यावर पैसे द्यायला खिशात हात घातला आणि नाण्यांबरोबर किल्ली बाहेर आली.

मी ती टेबलावर ठेवली. दोघं तिच्याकडे बघत बसलो. घरून निघून चार दिवस झाले होते. मे महिन्यातले चार दिवस. डॉमनिकने राजम्याचा घास संपवला आणि विचारलं, "ही तीच का?" मी मान हलवली. तो म्हणाला, "तू ती विसरला नाहीस, वसंता. तू ती दिली नाहीस." मला राग आला, कारण त्याच्या बोलण्यात तथ्य होतं की नाही हे मलाच ठरवता येईना. निघताना मी प्राचीला दहा सूचना दिल्या होत्या. कुठल्या वाफ्याला आधी पाणी, पाटाचं तोंड कुठे फुटतं, सगळं. ते सांगताना माझा हात खिशात त्याच किल्लीवर होता. मला आठवत होतं ते.

तिथूनच फोन लावला. म्हटलं, "प्राची, किल्ली माझ्याकडे राहिली." ती म्हणाली, "बघते मी, अप्पा. टेन्शन घेऊ नका. तुम्ही मस्त फिरा." मी म्हटलं, कुलूप फोडलंस का? "नाही हो. मोगरा छान आहे." एवढं बोलून तिने फोन शैलाकडे दिला आणि शैलाने मला स्वेटर घातला का ते विचारलं. कुलूप शाबूत आणि मोगरा छान, या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असूच शकत नव्हत्या. म्हणजे एक तर मोगरा वाळलाय आणि ती लपवतेय, नाहीतर कुलूप फोडून तास-दीड तास मोटर चालवलीय आणि विहीर गेली. त्या रात्रीपासून मी दर काही तासांनी मनातल्या मनात मोगरा वाळवायचो नाहीतर विहीर खारी करायचो.

पिओहून काझाला जाताना खाब नावाच्या जागी सतलज आणि स्पिती नद्या भेटतात. तिथला पूल ओलांडला आणि झाडं संपली. हळूहळू कमी झाली असं नाही, संपलीच. डोंगर भुरे, जांभळट, वरून दगडमातीचे घसरलेले लोट, आणि खाली करड्या पाण्याची नदी. डॉमनिकने पुढच्या सीटच्या दांड्याला धरून ठेवलं होतं. दरीच्या वळणांवर त्याचा दुसरा हात खिशात रोझरीचे, म्हणजे जपमाळेचे, मणी मोजत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "मी मुलांना सांगायचो, तिथे काही उगवत नाही. बघ." नदीच्या वळणावर चिमूटभर हिरवं होतं, त्यात आठ-दहा पांढरी घरं, छपरांवर चारा आणि काटक्या रचलेल्या. "कुणीतरी वरून पाणी आणलंय," मी म्हटलं. ते कुठून आणलं असेल ते शोधण्यात माझा पुढचा तास गेला. नीट बघितलं की डोंगराच्या कुशीत एक बारीक आडवी रेघ दिसते, तो पाट असतो.

सुमदोला पोलिस चौकी आहे, तिथे किन्नौर संपतं आणि स्पिती सुरू होतं. आपल्याला परवाना लागत नाही, आधारकार्ड मात्र जवळ ठेवा. लष्कराच्या गाड्या येत-जात असतात आणि डोंगरापलीकडे तिबेट आहे हे कंडक्टर सगळ्यांना बोट दाखवून सांगतो. बोट दाखवतो तिकडे फक्त आणखी डोंगर असतात.

ताबोला एक रात्र राहिलो. तिथला मठ हजार वर्षांचा, पूर्ण मातीचा. आत अंधार, भिंतींवर चित्रं, फोटो काढायला मनाई. डॉमनिकने दाराशी टोपी काढली आणि आत पाच मिनिटं मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला, रविवारी उशिरा पोचला की त्याच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उभा राहतो तसा. बाहेर येऊन म्हणाला, "पाऊस नाही म्हणून माती टिकली." भूगोलाचा मास्तर, दुसरं काय बोलणार.

काझाला दोन दिवस विश्रांती घेतली. ती घ्याच. पहिल्या दिवशी मला जिना चढून धाप लागली आणि डॉमनिकचं डोकं दुखलं. तिथल्या बाजारात चौकशी करून आम्ही वरच्या एका गावात राहायला गेलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चौदा घरं आहेत आणि माझ्या हातून तिथे जे झालं ते वाचून कुणी त्यांना विचारायला जावं असं मला वाटत नाही. अशी गावं वर बरीच आहेत, काझाला विचारलं की कळतं. जेवणखाण धरून दिवसाला माणशी बाराशेच्या आसपास घेतात. फोन लागत नाही.

आम्ही उतरलो ते घर पद्माचं. तिशीतली असेल. नवरा काझाला गाडी चालवतो, आठवड्यातून दोनदा येतो, शेत आणि पाहुणे तीच बघते. घर मोठं, मातीचं, खाली गुरं आणि वर माणसं. त्याच्या मागे, वीस पावलांवर, दोन खोल्यांचं एक लहानसं घर होतं. त्याच्या दारात एक म्हातारा उन्हाला बसलेला होता, पंचाहत्तरीच्या आसपासचा. पद्मा म्हणाली, हे माझे सासरे. गावात सगळे त्यांना मेमे म्हणतात, मेमे म्हणजे आजोबा.

मला वाटलं, सुनेने म्हाताऱ्याला बाहेर काढलंय. वसईत अशा दोन गोष्टी मला माहीत आहेत. डॉमनिकलाही तेच वाटलं असणार, कारण त्याने एकदम जास्त आदराने नमस्कार केला.

मेमेने आम्हाला चहाला बोलावलं. त्यांचा चहा म्हणजे लोणी आणि मीठ घालून घुसळलेला. डॉमनिकने एक घोट घेतला आणि डोळे घट्ट मिटले. "वसंता, हे मिठागर आहे." मी प्यायलो. मला तो बेताचा वाटला, थोडं मीठ कमीच. मी आणखी एक कप मागून घेतला. डॉमनिक माझ्याकडे बघत राहिला, मग पद्माने आणलेल्या भाजलेल्या जवाकडे वळला.

मिठाचा विषय निघाला तसा मेमे खुलला. त्याच्या लहानपणी वडील उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन पलीकडे तिबेटात जायचे, जव देऊन मीठ आणि लोकर आणायचे. मेंढीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लहान पिशव्या बांधलेल्या. परत आले की पूर्ण गाव वाटेवर उभं राहायचं. मग लढाई झाली, सीमा बंद झाली. "उधर मेरे पिताजी का दोस्त था. नमक उसके घर से आता था. फिर कभी पता नहीं चला," मेमे म्हणाला. आता मीठ पाकिटातून येतं, काझाच्या दुकानातून. मी माझी डबी काढून दाखवली. समुद्राचं मीठ, आमच्या गावाजवळचं. त्याने एक खडा उचलला, उजेडात धरला आणि जिभेवर ठेवला.

त्याच संध्याकाळी घराचा उलगडा झाला. स्पितीत प्रत्येक जुन्या कुटुंबाची दोन घरं असतात. मोठं खांगचेन, लहान खांगचुंग. थोरल्या मुलाचं लग्न होऊन सून घरात आली की आईवडील मोठं घर, शेतं, गुरं आणि पाण्याची पाळी मुला-सुनेच्या स्वाधीन करतात आणि स्वतः लहान घरात जातात. थोडी जमीन पोटापुरती ठेवतात. गावच्या बैठकीत त्यानंतर मोठ्या घराचा शब्द. धाकटे मुलगे पूर्वी मठात जायचे, मेमेचा भाऊ लामा आहे. मेमेचा धाकटा मुलगा मात्र मनालीला हॉटेलात आहे, म्हणजे तेही बदलतंय. एवढ्या थोड्या पाण्यात शेताचे तुकडे झाले असते तर कुणाचंच भागलं नसतं, असं डॉमनिकने लगेच ताडलं.

मी मेमेला विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं, आता जा म्हणून?

"किसी ने नहीं. बहू आई, हम उठ गए." मग म्हणाला, "वो बोलेगी तब उठेंगे तो देर हो जाएगी ना."

मी खिशात हात घातला, किल्ली होती. ऐकून बरं वाटलं नाही मला. चिडलोच होतो थोडा. म्हटलं, यांच्याकडे जव आणि वाटाणा, चुकलं तर एक हंगाम जातो. माझी विहीर चुकली तर गेलीच. असं मनात बरंच काही बोललो आणि झोपलो.

सकाळी पद्माची पाण्याची पाळी होती. गावाच्या वर एक मातीचं तळं आहे, वितळलेल्या बर्फाचं पाणी रात्रभर त्यात साठतं. आमच्या बावखलाएवढंच. ते बघून मला घरी आल्यासारखं झालं. सकाळी त्याचं तोंड उघडतात आणि ज्याची पाळी त्याच्या शेतात पाणी जातं. वाटाणा नुकताच वर आला होता. पद्माने दगड आणि चिंध्यांचं बूच काढून पाट आपल्या शेतात वळवला आणि तळं बघायला वर गेली. मी, डॉमनिक आणि मेमे बांधावर उभे. मेमेचे हात पाठीमागे एकमेकांत अडकवलेले.

पाणी आलं, पहिला वाफा भरला. भरून वर आलं. कडेवरून सांडायला लागलं तरी पद्माचा पत्ता नाही. मोगऱ्याच्या मुळाशी असं पाणी तुंबलं तर झाड कुजतं. माझे हात शिवशिवायला लागले. मी मेमेकडे बघितलं, तो शांत. मला वाटलं, बिचाऱ्याला बोलायची चोरी झालीय. शेवटी राहवेना. बांधावरचं फावडं उचललं, दोन ढेकळं टाकली आणि पाणी बाजूच्या पाटात वळवलं. सफाईने केलं, चाळीस वर्षांचा हात आहे. डॉमनिक म्हणाला, "वसंता, ठेव ते." मी ऐकलं नाही.

तो बाजूचा पाट शेजाऱ्याच्या शेतात जात होता. त्याचं बी दोन दिवसांपूर्वी पेरलेलं आणि पाळी तीन दिवसांनी. पाणी वेगाने गेलं आणि वरच्या दोन वाफ्यांचं बी मातीसकट धुऊन खाली नेलं. पद्मा धावत आली, आधी हातांनी पाट बंद केला, मग गुडघ्यापर्यंत चिखलात उभी राहून माझ्याकडे बघितलं. "अंकलजी, ये पहला पानी है. पूरा भरना पड़ता है. फिर आठ दिन बाद बारी आएगी." म्हणजे ती विसरली नव्हती. तिथली जमीन रेताड, ऊन कडक, पहिलं पाणी खोल जावं म्हणून वाफा सांडेपर्यंत भरायचा असतो. तिला माहीत होतं, मेमेला माहीत होतं. मला मोगरा माहीत होता.

ती शेजाऱ्याकडे गेली, आम्ही मागोमाग. मी हात जोडून माफी मागितली, बियाण्याचे पैसे देऊ केले. शेजाऱ्याने पैसे घेतले नाहीत. पद्माशी त्यांच्या भाषेत बोलला आणि तिने मान हलवली. नंतर कळलं, पुढच्या पाळीतला अर्धा वेळ तिने त्याला दिला. माझ्या दोन ढेकळांची भरपाई तिच्या पाण्यातून झाली. मला इतकी लाज गेल्या कित्येक वर्षांत वाटली नव्हती. परक्याच्या शेतात जाऊन, पाहुणा म्हणून भाकरी खाऊन, मी एका कष्टाळू मुलीचं पाणी घालवलं. का, तर मला जास्त कळतं म्हणून.

दुपारी मेमेजवळ जाऊन बसलो. विचारलं, तुम्ही मला अडवलं का नाही? तो म्हणाला, तुम्ही पाहुणे, आणि फावडं फार लवकर उचललंत. मग हसला. लहान घरात आल्यावर पहिलं वर्ष त्याचेही हात असेच खाजायचे म्हणे. एकदा त्यानेही पाट वळवला होता. पद्मा त्याला काही बोलली नाही, पण तीन दिवस तिने शेतात जाताना मागे वळून बघितलं नाही. "तब से पीछे बाँध के रखता हूँ," असं म्हणून त्याने हात दाखवले.

दुसऱ्या दिवशी निघालो. मिठाची डबी मी मेमेला दिली. पद्माने आम्हाला वाटेसाठी सुकवलेल्या जर्दाळूंची पुडी दिली आणि माझ्याकडे बघून 'जुले' म्हणाली, राम राम म्हणतो तसं. ती रागावलेली नव्हती, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं. त्याच रस्त्याने परत आलो. काझाला फोन लागत होता, मी घरी लावला नाही. बसमध्ये डॉमनिकला एवढंच म्हटलं की घरी जाऊन किल्ली देऊन टाकणार आहे, विहीर उरली असो वा नसो. तो म्हणाला, "बरं होईल," आणि झोपल्याचं सोंग घेतलं.

पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पिशवी ओट्यावर टाकून सरळ वाडीत गेलो. मोगरा हिरवागार, कळ्यांनी भरलेला. पान उलटून कडा बघितल्या, कुठे जळल्याची खूण नाही. मोटरच्या पेटीला माझंच कुलूप, शाबूत. मी खिशातली किल्ली काढून नुसता उभा राहिलो.

प्राची आणि शैला मागून आल्या. मी किल्ली प्राचीपुढे धरली. म्हटलं, "ही तुझी. चार वर्षांपूर्वीच द्यायला हवी होती." तिने ती घेतली आणि शैलाकडे बघितलं. मग ओढणीला बांधलेला जुडगा सोडला, त्यातून अगदी तशीच दुसरी किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

"ही कधीची?"

"तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळची. दोन वर्षं झाली. आईंनी तुमची काढून दिली, मी स्टेशनबाहेरून डुप्लिकेट करून घेतली." मोटर सुरू करून ती म्हणाली, "सांगणार होते, अप्पा. पण तुम्ही दवाखान्यातून परत आल्यावर इतक्या कॉन्फिडन्सने येऊन बसलात पाटावर, मग राहिलंच."

ती पाटाच्या तोंडाशी बसली. थोड्या थोड्या वेळाने ओंजळभर पाणी तोंडात घेत होती, माझ्या वडिलांसारखी, जिभेच्या कडेने. मी बाजूला उभा. काही वेळाने ती उठली आणि पेटीकडे निघाली. मी घाईने वाकून पाणी चाखलं. गोडं होतं. "थांब, अजून गोडं आहे," मी म्हटलं.

शैलाने खाली वाकून एक घोट घेतला, थुंकला आणि म्हणाली, "खारं लागायला लागलंय हो." मग जरा हळू आवाजात म्हणाली, "तुमची जीभ गेली आहे. त्या ऑपरेशनच्या आसपासच केव्हातरी. ताटात मीठ किती घेता ते मी बघते ना. तुम्ही पाटावर बसता तेव्हा प्राची मागच्या वाफ्यात चाखते. तिला खारं लागलं की मला खूण करते."

"मग?"

"मग मी तुम्हाला चहाला हाक मारते."

मी पाटाच्या कडेला बसलो. दोन वर्षं रोज मी चवीने मोटर बंद करत होतो असं मला वाटत होतं, आणि बंद होत होती ती चहाने. विहीर माझ्यामुळे टिकली नव्हती, माझ्यापासून वाचवली होती. रागावावं असं एक क्षण वाटलं. मग मेमे आठवला. मी उशीर केला होता, आणि या दोघींनी मला तो कळू दिला नव्हता. प्राची मोटर बंद करून आली आणि माझ्याजवळ बसली. तिने विचारलं, "तिकडे खरंच चौरस किलोमीटरला दोनच माणसं असतात का?" मी म्हटलं, "हो, आणि त्यांना दोन घरं लागतात." आणि मग तिला पद्माची, शेजाऱ्याच्या बियाण्याची आणि मेमेच्या हातांची गोष्ट सांगितली.

आता ती पाणी देते तेव्हा मी ओट्यावर असतो. कधी कधी बांधापर्यंत जातो, हात मागे बांधून. प्राचीला खारं लागलं की ती उठते आणि मोटर बंद करते. आता तिला कुणाला खूण करायची गरज नाही, पण सवयीने एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघते. शैलाही सवयीने हाक मारते, "चहा झालाय." मी उठतो आणि आत जातो.